परदेशी निघालेल्या सुनेचे कागद



घर सोडून लांब जाणं कवठे महांकाळच्या माणसाला नवं नाही. पाऊस दगा देई, तेव्हा इथल्या आणि खानापूर-आटपाडीकडच्या माणसांनी सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यापायी तामिळनाडू, केरळ, पंजाब गाठलं. जम बसला की बायकोमुलांना नेलं. तेव्हा रेल्वेचं तिकीट पुरत असे. आज मुलगा दुबईला किंवा लंडनला असतो, आणि बायकोला न्यायचं म्हटलं की आधी विचारतात, विवाह नोंदणीचा दाखला आहे का?

पुष्कळ घरांत तो नसतो. पत्रिका असते, जाडजूड अल्बम असतो. पण व्हिसासाठी सरकारी दाखलाच लागतो. महाराष्ट्रात त्याचा कायदा 1998 चा आहे. लग्नानंतर 90 दिवसांत नोंदणी करायची. गावात ग्रामपंचायतीत जायचं, कवठे महांकाळ शहरात नगरपंचायतीत. वधूवर, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही, वयाचे आणि रहिवासाचे पुरावे एवढं लागतं. मुदत टळली तर जादा शुल्क भरून नोंदणी होते, पण तोवर साक्षीदार पांगलेले असतात.

दुसरी अडचण नावाची. ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची आपल्याकडे हौस. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पत्रिकेत तिसरं. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला ही एकच व्यक्ती आहे हे पटवता पटवता महिने जातात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. बदलायचं असेल, तर सगळीकडे एकसारखं बदला.

पुढचे नियम देशागणिक वेगळे. अमिरातीसाठी दाखल्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. ब्रिटनमध्ये कायम झालेल्या माणसाला पत्नीला न्यायचं, तर एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पौंड कमाईची अट आहे. शिवाय पत्नीची इंग्रजीची परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी. जर्मनीला जाणाऱ्या पत्नीला काही वेळा प्राथमिक जर्मन यावं लागतं. अमेरिकेत एच-वन-बी नोकरदाराच्या पत्नीला एच-फोर व्हिसा मिळतो, पण नोकरीची मुभा सगळ्यांना नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं काम ठराविक टप्प्यावर पोचलं असेल, तरच 2015 च्या नियमाने ती परवानगी मागता येते. शिकलेली मुलगी तिथे वर्षानुवर्षं घरात बसू शकते. हे लग्न ठरवतानाच तिला कळलं पाहिजे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. अशा व्हिसावर गेलेल्या बाईचा तिथला मुक्काम नवऱ्याच्या व्हिसावर टिकून असतो. संसार नीट चालला तर त्याची जाणीवही होत नाही. बिनसलं, तर अनोळखी मुलखात तिच्या हाती काहीच उरत नाही. परदेशी स्थळांमधल्या अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात 2009 पासून स्वतंत्र कक्ष आहे, यावरून त्या किती असतील हे ओळखावं.

म्हणून आईवडिलांना आणि सासरच्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. स्थळ परदेशातलं असेल, तर मुलाच्या नोकरीचे, पगाराचे, व्हिसाचे कागद मागा; मागण्यात अपमान नाही. लग्नाची नोंदणी 90 दिवसांच्या आत करा. दाखल्याची एक प्रत माहेरी ठेवा. आणि सुनेचा पासपोर्ट सुनेच्याच ताब्यात राहू द्या.