वाहता वाहता घट्ट होणारे द्रव



एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचं लोहखनिज आता ट्रकशिवायही दूरवर जातं. हेडरीला ते दळतात, भुकटीत पाणी मिसळतात आणि ते जड मिश्रण सुमारे ८५ किलोमीटर लांबीच्या नळातून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला नेतात. ही वाहिनी २०२५ साली सुरू झाली. या खाणीवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आज मात्र मला त्या नळात काय चालतं एवढंच सांगायचं आहे.

तिथलं हेमॅटाइट पाण्याच्या सुमारे पाचपट जड असतं. ते वाहतं ते वेगाच्या जोरावर. वेग एका मर्यादेखाली गेला की कण तळाला बसू लागतात आणि नळ तुंबण्याचं भय असतं. म्हणजे द्रव कसा वाहील, हे त्यातले कण बरंचसं ठरवतात.

मग कणांनाच बाहेरून हुकूम देता आला तर? १९४० च्या दशकात अमेरिकेत दोघांनी ते करून दाखवलं. विलिस विन्स्लो यांनी तेलात बारीक कण मिसळून विजेचा दाब दिला, तर जेकब रॅबिनो यांनी तेलात लोखंडाची भुकटी घालून चुंबक वापरला. दोन्ही ठिकाणी पातळ द्रव क्षणात घट्ट झाला, आणि वीज किंवा चुंबक काढताच पुन्हा पातळ. या बदलाला काही हजारांश सेकंद पुरतात.

हे घडतं कसं? चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक कण स्वतःच छोटा चुंबक होतो आणि शेजाऱ्याला धरतो. आपल्याकडे रेला हा समूहनाच नाचणारे एकमेकांना धरून ओळ करतात, मग त्या ओळीतून पलीकडे जायचं तर ती तोडावी लागते; तसंच इथे. कणांच्या साखळ्या तुटेपर्यंत द्रव हलतच नाही. चांगल्या चुंबकीय द्रवात त्यासाठी चौरस सेंटीमीटरमागे साधारण अर्धा ते एक किलोचा जोर लागतो. त्यापुढे साखळ्या तुटतात, पुन्हा जुळतात आणि द्रव वाहू लागतो. चुंबकाचा जोर कमीजास्त केला की ही मर्यादाही बदलते. २००२ साली कॅडिलॅक मोटारीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये असा द्रव आला. खड्डा जाणवताच तिथल्या विद्युतचुंबकातला प्रवाह बदलतो आणि धक्का शोषण्याची ताकदही बदलते.

हेमॅटाइट या कामाला चालत नाही, कारण चुंबक त्याला फारसं ओढत नाही. त्यासाठी शुद्ध लोखंडाचे, काही मायक्रॉन जाडीचे गोल कण लागतात. आपला केसच सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. पण लोखंड तेलाच्या आठ-नऊपट जड. गाडी महिनाभर उभी राहिली की कण खाली बसून त्यांचा थर होतो. नळातली अडचण इथेही आलीच, आणि इथे तर वेगाचा आधारही नाही.

इथे पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचे पदार्थ, मदतीला येतात. लोखंडाच्या कणावर पॉलिमरचं कवच चढवतात, किंवा पॉलिमरच्या सूक्ष्म मण्यात चुंबकीय ऑक्साइड भरतात. असा मणी हलका, म्हणून सावकाश बसतो, आणि बसला तरी ढवळताच सुटा होतो. कोविडच्या दिवसांत रुग्णांच्या नमुन्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढायला कित्येक प्रयोगशाळांनी चुंबकीय मणीच वापरले. विजेवर चालणाऱ्या द्रवांत पॉलिमरचं काम वेगळं आहे. जुन्या द्रवांत कणांना थोडा ओलावा लागे आणि उष्णतेने तो उडून गेला की सारं ठप्प होई. पॉलिॲनिलीनसारख्या वीजवाहक पॉलिमरचे कण कोरडेच काम करतात.

पॉलिमर फुकट मात्र येत नाही. मण्यात तो जितका जास्त, तितकं चुंबकीय द्रव्य कमी, आणि साखळीही तितकी कच्ची. ताकद आणि टिकाव यांचा मेळ घालणं हेच खरं कसब. पॉलिमर मिसळले की द्रव कसे वाहतात, हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा जुना विषय आहे. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ साली तिथे रुजू झाले, तेव्हापासून या अभ्यासाला तिथे बळ मिळालं.

विद्यार्थी मित्रांनो, वर्कशॉपमधला लोखंडाचा अगदी बारीक कीस गोडेतेलात कालवा, काचेच्या नळीत भरा आणि बाहेरून चुंबक लावा. मग नळी रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी पुन्हा चुंबक लावा. संध्याकाळी घट्ट झालेलं तेल सकाळी तसं का होत नाही, हे कळलं की या शास्त्रातला अवघड भाग तुम्हाला कळला.