कारखाना, कबड्डी आणि मधले दोन तास

तुम्ही हे आत्ता पेणच्या स्टँडवर ऐकताय, दिवा-रोहा गाडीत ऐकताय की घरी भांडी घासताना, मला माहीत नाही. आवाज जरा वाढवा, कारण आजचा विषय माझ्या जवळचा आहे.

मागच्या भागानंतर रोह्याच्या एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, मी अकरावीत आहे. कोलाडला राफ्टिंगवाल्यांच्या कॅम्पवर शनिवार-रविवार किचनमध्ये काम करतो. कॉलेजच्या कबड्डी टीमचे सरावाचे सामने नेमके रविवारी असतात. सर म्हणतात, एक काहीतरी निवड. काय करू?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हेच वाक्य मलाही कुणीतरी ऐकवलं होतं. एक काहीतरी निवड.

मी पेणजवळच्या गावातली. आमच्याकडे हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी गणपतीच्या कारखान्यात असतंच. कारखाना म्हटलं की बाहेरच्यांना मोठी चिमणी आठवते. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, फळ्यांवर ओळीने बसलेले पांढरे गणपती आणि कोपऱ्यात रेडिओ. साच्यातून मूर्ती काढायची, वाळवायची, पॉलिश पेपरने घासायची, पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा कारागीर कारखान्यात राजा! मी होते घासकामाला. नंतर पितांबर रंगवायला बसवलं. पैसे नगावर. जितके पितांबर, तितके पैसे.

आणि मी कबड्डी खेळायचे. डावा कोपरा. रायगडात कबड्डी काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. भाताची कापणी झाली की गावोगाव मैदानं आखली जातात आणि रात्री लाइटच्या उजेडात सामने रंगतात. पण शाळा-कॉलेजच्या स्पर्धांचं गणित वेगळं. तालुक्याच्या फेऱ्या साधारण पावसाळ्यात सुरू होतात, मग जिल्हा, मग विभाग. म्हणजे कारखान्यात सगळ्यात जास्त काम असतं तेव्हाच सरावही सगळ्यात जास्त. गणपती काही आपल्यासाठी पुढे ढकलले जात नाहीत.

बारावीचं वर्ष. घरी बाबांचा टेम्पो बंद पडलेला, भावाची फी भरायची. माझे पैसे चैनीचे नव्हते, ते डब्यात जायचे. शेवटच्या महिन्यात कारखान्यात रात्री बसायला सांगितलं. "चार दिवसांचा प्रश्न आहे, बाय." मी बसले. रात्री एकला घरी, पहाटे उठून कॉलेज, संध्याकाळी मैदान. आईने एकदा विचारलं, "झोपतेस कधी?" मी म्हटलं, "गणपती गेल्यावर."

तालुक्याचा उपांत्य सामना. दोन गुणांनी आम्ही पुढे. समोरची चढाई करणारी माझ्या कोपऱ्यात आली. पाय पुढे आला, मला दिसला. दिसला, पण हात उशिरा गेला. घोट्याऐवजी हवा पकडली, तोल गेला आणि माझाच गुडघा खाली वळला. सामना गेला. मोसम गेला. आणि पायाला पट्टी बांधून घरी बसल्यावर कारखान्याचे शेवटच्या आठवड्याचे पैसेही गेले.

मी खूप वर्षं म्हणायचे, नशीब. नशीब नव्हतं ते. चार रात्रींची झोप होती. सामन्यातलं अर्ध्या सेकंदाचं भान रात्रीच्या झोपेतून येतं, जिद्दीतून नाही.

म्हणून त्या रोह्याच्या मित्राला आणि तुम्हा सगळ्यांना, आधी एक हिशोब सांगते. कागद घ्या. मोबाइलवर नको, कागदच.

आठवड्याचे तास 168. रोज आठ तास झोप, म्हणजे 56. कॉलेज सहा दिवस, पाच-पाच तास, 30. सराव पाच दिवस, दोन-दोन तास, 10. येणं-जाणं 6. अभ्यास 12. जेवण, आंघोळ, घरातली कामं 21. बेरीज 135. उरले 33. त्यात रोज तीन तास असं सहा दिवस काम केलं तर 18 गेले. तरी 15 उरतात. म्हणजे जमतं! पण काम 18 वरून 35 झालं की ते दोन तास कुठून येतात? सरावातून कुणी काढत नाही, सर ओरडतात. अभ्यासातूनही लगेच नाही. ते झोपेतून जातात, कारण झोप तक्रार करत नाही. निदान लगेच तरी नाही.

दुसरं. कायदा माहीत असू द्या. बालकामगारांचा 1986 चा कायदा आहे, त्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्याच धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करणं वेगळं. चौदा ते अठरा वयात धोक्याचं काम चालत नाही. बाकी कामालाही मर्यादा आहे: सुट्टी धरून दिवसाला सहा तास, सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी, ओव्हरटाइम नाही. आणि संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत काम नाही. मी सतरा वर्षांची होते. रात्री एकपर्यंत बसवणं चूक होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मालकाशी भांडा असं मी म्हणत नाही. पण "मला सातला निघायचंय" हे वाक्य म्हणजे लाड नाहीत, तो तुमचा हक्क आहे.

तिसरं, आणि हे सगळ्यात अवघड. बोला. मोसम सुरू व्हायच्या आधी बोला. माझी चूक काय झाली? सरांना माहीत नव्हतं मी रात्री कुठे असते. मालकाला माहीत नव्हतं माझा सामना कधी आहे. मला लाज वाटायची. सरांना सांगितलं तर टीममधून काढतील, मालकाला सांगितलं तर कामावरून. दोघांपासून लपवत बसले आणि शेवटी दोन्हीकडून गेले.

पुढच्या वर्षी गुडघा बरा झाल्यावर मी कागदावर वेळापत्रक लिहून मालकाकडे गेले. दुपारी एक ते चार काम, पाच ते सात मैदान. सामन्याच्या आदल्या दिवशी सुट्टी. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "मग चैत्रापासून ये. तेव्हा घाई नसते." इतकं साधं! परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, त्यांचं काम गणपतीच्या कितीतरी महिने आधी सुरू होतं. नगावरचं काम मी उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकलं आणि पावसाळ्यात अर्ध्यावर आणलं. पैसे जवळजवळ तेवढेच झाले.

आता खेळातून नोकरी मिळते का, हे तुम्ही विचारणारच. मिळते. पॅरिसला 2024 मध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण खरं सांगते, तालुक्याच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाही, बरंच वर जावं लागतं. मी तिथवर पोचले नाही. तरी आज दिवसभर दुकान सांभाळून संध्याकाळी गावातल्या मुलींना पकड शिकवते, त्यामुळे मैदान सुटलेलं नाही.

तर रोह्याच्या मित्रा, तुझं उत्तर. एक निवडू नकोस, आधी विचार. कॅम्पवाल्यांना विचार, महिन्यातले दोन रविवार सोडता येतील का, बदल्यात शनिवारी जास्त वेळ थांबेन. तेही सहा तासांच्या आत, बरं का! सरांना सांग की घरात पैशाची गरज आहे. सर रागावतील असं तुला वाटतं. कदाचित त्यांनीही कधीतरी काम करून शिक्षण केलं असेल. आणि दोघांनीही नाहीच म्हटलं, तर त्या वर्षी घराला जे लागतं ते कर. त्यात हरणं नाही. कबड्डीत बाद झालेला खेळाडूही परत आत येतो, फक्त आपल्या कुणीतरी गुण मिळवावा लागतो. तो "आपला कुणीतरी" शोध. भाऊ, आई, सर, कुणीही.

आणि आज रात्री लवकर झोप.

तुमचं वेळापत्रक कसं आहे, मला व्हॉइस मेसेज करा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकूया. भेटू!