शिक्षक शाळा का सोडतो?

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या साठ वर्षांचा हिशेब मांडताना इमारती, निकाल आणि पारितोषिके यांची मोजदाद सहज होते. शाळा सोडून गेलेल्या शिक्षकांची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. ‘दुसरीकडे चांगली संधी मिळाली’ एवढ्यावर तो विषय संपतो. निष्ठा आटली म्हणूनच शिक्षक जातो असे नव्हे. पुष्कळदा निष्ठा शाबूत असते, संसाराचा मेळ बसत नाही.

पहिला प्रश्न उमेदवारीच्या वर्षांचा. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. तेवढ्यात शहरात खोलीचे भाडे भरायचे, गावी आईवडिलांना पैसे पाठवायचे आणि वर्गात प्रसन्न मुद्रेने उभे राहायचे. विनाअनुदानित शाळांत तर अनेकांना याहूनही कमी रकमेवर भागवावे लागते. अशा वेळी खासगी शिकवणीवर्गाचे बोलावणे आले, तर त्याला लोभी कसे म्हणावे?

दुसरा प्रश्न म्हातारपणाच्या आधाराचा. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातील व्याख्येत शिक्षक बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासून हा हक्क शिक्षकांना दिला. त्या दुरुस्तीवर न्यायालयाची मोहोर उमटली ती २०२२ मध्ये. गुरूला वंदन करणाऱ्या समाजात गुरूचा हा साधा हक्क पक्का व्हायला इतकी वर्षे लागली.

तिसरा प्रश्न कामाच्या स्वरूपाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली. तरीही माहितीचे तक्ते, पोर्टलवरील नोंदी आणि छायाचित्रांचे पुरावे यांत दिवस सरतो. त्याच कायद्याने ठरवलेल्या आठवड्याच्या ४५ तासांत पाठाची पूर्वतयारीही धरलेली आहे. प्रत्यक्षात ती तयारी रात्री घरी होते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांत या अडचणी दुणावतात. राज्यघटनेच्या ३५० क कलमाने अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा निर्देश राज्यांना दिला. पण कलमाने वर्ग उघडतो, शिक्षक मिळतोच असे नाही. मराठीतून गणित, विज्ञान शिकवणारा, त्या राज्याची पात्रता आणि राज्यभाषा दोन्ही सांभाळणारा माणूस दुर्मीळ असतो. तो गेला की जागा रिकामी राहते, एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येतात, पालक धास्तावतात आणि पुढच्या वर्षीचा पट घटतो. एका शिक्षकाच्या राजीनाम्यापासून शाळा बंद पडण्यापर्यंतची वाट अशी सरळ आहे.

उपाय केवळ शासनाच्या हाती नाहीत. बाहेरगावहून येणाऱ्या शिक्षकासाठी दोन खोल्यांचे निवासस्थान, उमेदवारीच्या वर्षांत मानधनाला पूरक निधी, आजारपणासाठी विमा आणि कागदपत्रांसाठी एक लिपिक एवढे माजी विद्यार्थ्यांच्या संघाला अशक्य नाही. पालकांनीही फीवाढीला विरोध करताना त्यातील किती भाग शिक्षकाच्या घरी पोहोचतो, हे अवश्य विचारावे. संस्थाचालकांनी त्याचे उत्तर लेखी द्यावे.

हीरक महोत्सवात सत्काराची शाल शिक्षकाच्या खांद्यावर पडेलच. त्याच खांद्यावरचे ओझे थोडे उतरवले, तर अमृत महोत्सवालाही या शाळेत मराठीतून पाढे ऐकू येतील.