पट्टी तू सांग



संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘तुझ्या त्या जाझबद्दल बोल’ असं बजावलंय. म्हणून एकाच रेकॉर्डबद्दल बोलतो. ‘टेक लव्ह ईझी’, १९७३ सालची. गायिका एला फिट्झजेराल्ड, गिटारवर जो पास.

बस, दोघंच. ड्रम नाही, पियानो नाही. एला तेव्हा ५६ वर्षांची, मोठमोठ्या बँडपुढे गायलेली. जो पास तिच्याहून सुमारे १२ वर्षांनी लहान. तरुणपणाची कित्येक वर्षं व्यसनात घालवून, व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडून पुन्हा उभा राहिलेला.

गाणी जुनीच. जाझवाले त्यांना स्टँडर्ड म्हणतात. आपल्या नाट्यपदांसारखंच ते; चाल सगळ्यांना पाठ, आज कोण कसं म्हणतंय ते ऐकायचं. त्यातलं ‘लश लाइफ’ एलानं १९५७ मध्ये ऑस्कर पीटर्सनच्या पियानोबरोबरही गायलं होतं. चाल महाअवघड, कुठे वळेल सांगता येत नाही. इथे तिला आधार फक्त सहा तारांचा. खर्जाचे सूर आणि वरचा स्वरमेळ, दोन्ही एकटा जो पास सांभाळतो. एला श्वास घेते तेवढ्यात एखादी लहानशी सुरावट टाकतो आणि ती परतली की बाजूला होतो. हाताशी एवढी तयारी असताना बाजूला होणं सोपं नसतं. हे मी अनुभवानं सांगतोय.

दहावीच्या स्नेहसंमेलनात पेटीला मी होतो. गाणारी आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिनं घेतलेल्या प्रत्येक जागेवर मी माझी जागा घेतली. टाळ्या मिळतायत म्हटल्यावर भाता आणखी जोरात. शेवटच्या अंतऱ्यात तिचा शब्द कुणाला ऐकूच गेला नसेल. खाली उतरल्यावर ती काही बोलली नाही, पण त्यानंतर शाळेत गायलीही नाही. मला वाटलं, बारावीपर्यंत अभ्यास असेल! कारण कळलं ते ही रेकॉर्ड ऐकताना, कितीतरी वर्षांनी.

मघाशी स्टेजमागे पेटी ठेवलेली पाहिली. संध्याकाळच्या कार्यक्रमात गाशील का? तेव्हा पट्टीसुद्धा तुला न विचारता मीच ठरवली होती. आज तू सांग. भाता हळू ठेवीन.