फुगडी थांबते, अंगण फिरत राहतं

लहानपणची फुगडी आठवा. पाय थांबले तरी अंगण फिरतच राहायचं. आतल्या कानातल्या नळ्यांमधला द्रव अजून वाहत असतो, आणि मेंदू त्याचं ऐकतो. डोळ्यांना भिंत दिसते, म्हणून आपण सावरतो. आता ती भिंतच काढून टाका.

३ फेब्रुवारी १९५९ची मध्यरात्र उलटलेली. अमेरिकेच्या आयोवा राज्यात मेसन सिटीहून एका इंजिनाचं छोटं बीचक्राफ्ट बोनान्झा विमान उडालं. आत बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ हे तीन गाजलेले गायक. वैमानिक २१ वर्षांचा. दौऱ्याच्या बसमधला हीटर बिघडलेला, थंडी हाडं गोठवणारी; त्यापेक्षा विमान बरं, एवढाच हिशोब. वैमानिकाने हवामान पुन्हापुन्हा विचारलं होतं. पण पुढे हवा बिघडत असल्याचे ताजे इशारे त्याला कुणी सांगितलेच नाहीत. विमानाच्या मालकाने विमानतळावरून पाहिलं: शेपटीचा दिवा दूर गेला आणि हळूहळू खाली उतरत दिसेनासा झाला. सकाळी शेतात अवशेष सापडले. चौघांपैकी कुणीही वाचलं नाही.

असं का होतं? अंधारात विमान हळूच एका बाजूला कलतं. वळण संथ असलं की कानातला द्रव त्या वेगाशी जुळवून घेतो आणि आपण सरळच चाललो आहोत असं वाटतं. उंची घटताना दिसते, म्हणून वैमानिक नाक वर खेचतो; त्याने वळण आणखी आवळतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने यंत्रांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० वैमानिकांना, बोनान्झातच, बाहेरचं काही न दिसता उडवून पाहिलं. ताबा सगळ्यांचा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत!

आयोवाच्या त्या तरुणाला केवळ यंत्रं पाहून उडण्याचा परवाना नव्हता. तरी समोर कृत्रिम क्षितिज दाखवणारं यंत्र होतं, कानापेक्षा कितीतरी भरवशाचं. पण तपास अहवाल वाचताना मी इथेच अडखळतो: नाक वर आहे की खाली, हे ते यंत्र त्याच्या सवयीच्या नेमकं उलट दाखवत असे.