रामानंतरचा लक्ष्मण



कामगार चळवळीतल्या माणसाने संगीतावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही गवई नव्हे. परंतु चित्रपटातले गाणे हे एकट्याचे काम कधीच नसते. चाल बांधणारा, शब्द लिहिणारा, वाजवणारे, गाणारे, मुद्रण करणारे अशा पुष्कळ हातांनी ते उभे राहते. आणि एकत्र काम करणारी माणसे, त्यांचे हिशेब, त्यांचे तंटे, त्यांची एकमेकांवरील माया हा तर आमचा रोजचा विषय. त्या बाजूने आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. जोडीने काम करणाऱ्यांतला एक गेला, तर उरलेल्याने काय करावे? जुनाच सूर ओढत राहावे, की सूर बदलावा? आणि बदललाच, तर ती गेलेल्याशी बेइमानी ठरते काय?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका नागपूरच्या माणसाच्या कामात सापडते. विजय पाटील हे त्यांचे नाव. जन्म १९४२ चा. अ‍ॅकॉर्डियन आणि पियानो वाजवणारा हा गडी दादा कोंडके यांच्या नजरेस पडला. सुरेंद्र नावाच्या साथीदाराबरोबर ते चाली बांधीत. दादांनी सुरेंद्र यांना राम केले, विजय यांना लक्ष्मण केले, आणि ‘राम-लक्ष्मण’ ही जोडी १९७५ साली ‘पांडू हवालदार’ या चित्रपटातून महाराष्ट्रापुढे आली. लवकरच मुंबईच्या राजश्री या हिंदी चित्रसंस्थेने ‘एजंट विनोद’साठी त्यांना घेतले. परंतु १९७७ साली तो चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच राम वारले. दार उघडले, आणि आत जायला एकटा लक्ष्मण उरला.

त्या क्षणी विजय पाटलांपुढे दोन सोपे मार्ग होते. नाव टाकून स्वतःच्या नावाने उभे राहणे, हा एक. दादांच्या चित्रपटांनी मिळवून दिलेला तोच ठसकेबाज बाज सर्वत्र वाजवीत राहणे, हा दुसरा. त्यांनी दोन्ही केले नाही. नाव ठेवले, इतके की पुढे ते ‘रामलक्ष्मण’ असे एका शब्दात एका माणसाचे नाव झाले. आणि सूर बदलला.

तो कसा बदलला, हे जरा नीट पाहू. दादांच्या गाण्याचा पाया ढोलकी. ओळ आखूड, ठेक्यावर येऊन आपटणारी. बाई एक फेकणार, बुवाने ती उचलून परत टोलवायची. श्रोता हसतो तो शब्दावर, आणि चाल त्या शब्दाला वाट करून देते. ‘राम राम गंगाराम’ (१९७७) किंवा ‘ह्योच नवरा पाहिजे’ (१९८०) या चित्रपटांत, म्हणजे रामाच्या पश्चातही, हा बाज त्यांनी मराठीत राखला. हिंदीत मात्र ओळ लांबली, ढोलकी मागे सरली, तंतुवाद्ये आणि विजेवर चालणारी वाद्ये पुढे आली, आणि शब्दाने हसवण्याऐवजी स्वराने गहिवर आणण्याकडे चाल वळली. ‘हमसे बढकर कौन’ (१९८१) मधले त्यांचे गणपतीचे गाणे आजही आपल्या मंडपांतून वाजते. १९८९ चा ‘मैंने प्यार किया’ आला, तेव्हा लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजांतली ती गाणी गल्लोगल्ली गेली. त्यातली एक चाल स्टीव्ही वंडर या अमेरिकन गायकाच्या १९८४ च्या गाण्यावरून उघड उघड घेतलेली होती, हेही सांगितले पाहिजे. गौरव करताना हिशेब झाकू नये. त्या चित्रपटाने त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले.

आता खरी मौज पाहा. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मध्ये चौदा गाणी. साखरपुडा, लग्न, जोडे पळवणे, डोहाळजेवण, सारे घरगुती सोहळे. वरवर पाहता तमाशाच्या फडापासून शेकडो कोस दूर. पण कान देऊन ऐका. वधूपक्ष डिवचतो, वरपक्ष उलटून उत्तर देतो, पुन्हा पहिला पक्ष चढ करतो. हे काय आहे? आपल्या फडातले सवालजवाबच की! चावटपणा गाळला, पैठणीऐवजी शरारा नेसवला, ढोलकीभोवती व्हायोलिने बसवली. पण हाड जुनेच. जोडीच्या काळात जे हाताला लागले होते, ते त्यांनी टाकले नव्हते. तेच बी नव्या मातीत पेरले होते.

येथे कोणी शंका काढील की, नाव ठेवले ते धंद्यासाठी. चालू दुकानाची पाटी कोण उतरवतो? परंतु काळाकडे पाहा. राम गेले तेव्हा ही पाटी जेमतेम लागली होती. हिंदीत तर ती कोणाला ठाऊकही नव्हती. नव्या मुलखात शिरणाऱ्या माणसाचा लाभ स्वतःचे नाव लावण्यातच होता. त्यांनी तो घेतला नाही. २२ मे २०२१ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले, तोवर चार दशकांहून अधिक काळ प्रत्येक यशात दुसऱ्याचे नाव पहिले आणि आपले नंतर होते. रामायणात लक्ष्मण रामाआधी जातो. येथे उलटे घडले. म्हणून या लक्ष्मणाला भरताचे काम करावे लागले. भरताने पादुका सिंहासनावर ठेवल्या. पण राज्याचा कारभार पादुकांनी केला नाही, तो भरतालाच करावा लागला. नाव हे पादुकांसारखे. सूर हा कारभार.

सर्वांनाच हे साधते असे नाही, आणि मार्गही एकच नाही. जयकिशन १९७१ साली गेले. शंकर यांनी ‘शंकर-जयकिशन’ हेच नाव १९८७ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. ‘संन्यासी’ (१९७५) गाजला. तरी लोक प्रत्येक नव्या गाण्यात जयकिशनच शोधत बसले. तेथे पाटी इतकी मोठी होती की खाली बसलेला माणूस दिसेना. इंग्लंडात मँचेस्टर या कापडगिरण्यांच्या शहरात ‘जॉय डिव्हिजन’ नावाचे चौघांचे रॉक पथक होते. अंतःकरणातले दुःख उघड गाणारे. त्यांचा गायक इयन कर्टिस हा आधी सरकारी रोजगार कचेरीत अपंगांना काम मिळवून देणारा नोकर. अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्याच्या तोंडावर, १८ मे १९८० रोजी, तेविसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. उरलेल्या तिघांनी नाव सोडले, ‘न्यू ऑर्डर’ झाले. गिटार वाजवणारा गाऊ लागला, एक बाई पथकात आली, आणि १९८३ पर्यंत त्यांचा सूर यंत्राच्या ठेक्यावर नाचणारा झाला. त्यांनी नावही बदलले आणि सूरही. पण कर्टिसची नक्कल करणारा गायक आणून बसवला नाही. नागपूरकर आणि मँचेस्टरकर येथे एकमेकांना भेटतात.

हा प्रश्न केवळ संगीताचा नाही. कारखान्यात दोघे कार्यकर्ते जोडीने काम करतात. एक गेटमीटिंगला बोलणारा, दुसरा हजेरीपट आणि फंडाचे कागद जुळवणारा. बोलणारा गेला की कागदवाला त्याच्यासारख्या आरोळ्या ठोकू पाहतो. घसा बसतो, कामगार मनातल्या मनात तुलना करतात, आणि महिन्याभरात सभा ओस पडते. ज्याने तसे न करता खाली बसून, हातात पगाराची पावती घेऊन, कपात कोठे झाली हे दहा जणांना समजावले, त्याची सभा लहान झाली, पण टिकली. कामगाराचे अडलेले पैसे गेलेल्या माणसाच्या आवाजाने सुटत नाहीत; उरलेल्याच्या कामाने सुटतात.

आपल्या चंदनसारच्या रस्त्याने वरात निघते, पुढे बेंजो पथक असते. बेंजोवर बसणारा हात बदलला की तेच गाणे निराळे वाजते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. नव्या हाताला जुन्याची नक्कल करायला लावू नका. जुन्याचे नाव घ्या, त्याची ताडपत्री, त्याची जागा जपा. आणि नव्याला त्याच्या बोटांना जमेल तसे वाजवू द्या. मेलेल्याचा मान त्याच्या नावात राहतो. सूर मात्र जिवंत माणसाचाच असावा लागतो, कारण श्वास त्याचा चालू असतो.