घाट उतरणारा निरोप ‘वर’ जातो



पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंचीवर. पसरणीचा घाट उतरलं की वाई, ती ७०० मीटरच्या आसपास. यातलं वर कोण आणि खाली कोण, हे इथल्या शाळकरी पोरालाही विचारावं लागत नाही. आता समजा, पाचगणीच्या टेबललँड पठाराच्या कडेनं पाऊस आणि ओल मोजणारी छोटी यंत्रं बसवली. प्रत्येकाला मोबाइलचं सिमकार्ड परवडत नाही, म्हणून ती बिनतारी लहरींवर एकमेकांचे निरोप पुढं सरकवतात. शेवटचा निरोप वाईतल्या एका यंत्राकडं पोचतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. अशा रचनेला मेश नेटवर्क म्हणतात. या जाळ्यात टेबललँडहून वाईकडं निघालेला निरोप तंत्रज्ञांच्या लेखी ‘वर’ चाललेला असतो, आणि वाईहून पाचगणीकडं चढणारी आज्ञा ‘खाली’!

हे कुणी गमतीनं ठरवलेलं नाही. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या संस्थेनं जानेवारी २०१४ मध्ये आरएफसी ७१०२ नावाचा एक छोटा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात यंत्र कसं बनवायचं याचं एक अक्षर नाही. आहेत त्या फक्त व्याख्या. कमी विजेवर चालणारी आणि निरोप अधूनमधून गळणारी जी जाळी असतात, त्यांच्याबद्दल बोलताना कोणता शब्द कोणत्या अर्थानं वापरायचा, एवढंच. बाहेरच्या जगाशी सांधणारं जे यंत्र, ती दिशा वरची. डोंगर कुठं आहे याच्याशी जाळ्याला देणंघेणं नाही.

एवढ्यासाठी कागद कशाला खर्ची घालायचा, असं वाटेल. पण हा ‘वर-खाली’ शब्द प्रत्येक निरोपाच्या माथ्यावर एका बिटच्या रूपानं प्रवास करतो. या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक पायरी दिलेली असते. मुळापासून, म्हणजे बाहेरच्या जगाशी सांधणाऱ्या यंत्रापासून, जितकं लांब, तितका पायरीचा आकडा मोठा. निरोपावर ‘खाली’ असा शिक्का आहे आणि तो आणणारं यंत्र मात्र आपल्यापेक्षा मोठ्या आकड्याचं आहे, असं दिसलं की घेणारं यंत्र ओळखतं, हा निरोप बहुधा गोल गोल फिरतोय. पहिल्यांदा ते नुसती खूण करून पुढं जाऊ देतं. त्याच निरोपात पुन्हा तीच विसंगती सापडली, तर तो सरळ टाकून देतं. दोन कंपन्यांनी ‘वर’चा अर्थ वेगवेगळा घेतला, तर चांगले निरोप कचऱ्यात जातील आणि भरकटलेले फिरत राहतील. बॅटरी संपेल, आणि दोन्ही कंपन्या म्हणतील, आमचं यंत्र तर ठीकच आहे.

वाय-फायच्या बाबतीत हेच काम आयईईई या संस्थेच्या ८०२.११एस गटानं केलं. २००४ मध्ये सुरुवात झाली आणि मानक मंजूर व्हायला २०११ उजाडलं. मधल्या मसुद्यांत बाहेरच्या जाळ्याशी जोडणाऱ्या यंत्राला ‘मेश पोर्टल’ म्हणत. पण पोर्टल हा शब्द वाय-फायच्या मूळ मानकात आधीपासून दुसऱ्या कामासाठी राखलेला होता. अंतिम मानकात ‘मेश गेट’ आलं आणि ‘मेश पॉइंट’चं ‘मेश स्टेशन’ झालं.

त्याच मानकात दोन शब्द फार काळजीनं वेगळे ठेवलेत: नेबर आणि पिअर. ज्याची हाक ऐकू येते तो नेबर. ज्याच्याशी रीतसर देवाणघेवाण होऊन नातं जुळलं, तोच पिअर. आपल्याकडं शेजार असला म्हणजे सोयरीक झाली असं होत नाही, तसंच हे. निरोप फक्त पिअरच्या हाती द्यायचा. जवळच्या बंगल्यातलं यंत्र यादीत दिसतंय, तरी निरोप तिकडून का जात नाही, याचं उत्तर बऱ्याचदा या फरकात असतं.

रस्ता निवडतानाही ‘जवळचा’ म्हणजे काय हे ठरवावं लागलं. ८०२.११एसमध्ये अंतर किंवा टप्पे मोजत नाहीत. निरोप पोचवायला लहरी किती वेळ गुंतून राहतील ते मोजतात. पाचगणीकरांना हे चटकन पटेल. जुलैच्या पावसात निथळणाऱ्या सिल्व्हर ओकच्या रांगेतून किंवा जांभ्याच्या जाड भिंतीतून एक सरळ टप्पा घेण्यापेक्षा मोकळ्या माळावरून वळसा घालून दोन टप्पे स्वस्त पडतात, कारण ओला पाला लहरी शोषून घेतो.

शब्द आणि नियम पक्के होण्याआधी घाई केली की काय होतं, हे महाराष्ट्रानं जवळून पाहिलंय. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत मुलांना एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला तो पहिला प्रयोग. लॅपटॉपचे दोन हिरवे कान उघडले की तेच अँटेना. लॅपटॉप झोपी गेला तरी त्यातली बिनतारी चिप दुसऱ्याचे निरोप पुढं ढकलू शकायची. कल्पना सुंदर, पण ती ८०२.११एसच्या कच्च्या मसुद्यावर बांधलेली. पुढं पक्कं मानक आलं, तेव्हा त्यातली भाषा आणि निरोपांची घडण बदललेली होती, आणि एक्सओचं मेश त्याच्याशी बोलू शकत नव्हतं.

आता बाजारात या. पाचगणीतला एखादा होमस्टेवाला वाय-फायसाठी चौकशी करतो. दुकानदार म्हणतो, “काका, मेशच आहे हे, घ्या डोळे झाकून.” एका खोक्यावर ‘नोड’, दुसऱ्यावर ‘सॅटेलाइट’, तिसऱ्यावर ‘पॉइंट’. काकांनी विचारायला हवं ते वेगळंच. मधला डबा बंद पडला, तर बाकीचे आपणहून दुसरी वाट शोधतील का? डब्याडब्यांत वायर लागेल की ते लहरींवर बोलतील? उद्या दुसऱ्या कंपनीचा डबा यात बसेल का? वाय-फाय अलायन्स या संघटनेनं २०१८ मध्ये ईझीमेश नावाचं प्रमाणपत्र आणलं, ते याच शेवटच्या प्रश्नासाठी. त्यात भूमिका दोनच: कंट्रोलर आणि एजंट. ही दोन्ही नावं डब्याची नव्हेत, त्याच्या कामाची. एकच डबा दोन्ही कामं करू शकतो.

गावपातळीवर शब्द नेमके असणं आणखी महत्त्वाचं. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटानं ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून गावं जोडून पाहिली. फायबर जिथं संपतं तिथून वाडीवस्तीपर्यंतचा जो तुकडा, त्याला तिथं ‘मिडल माइल’ म्हणतात. त्या तुकड्याला नाव मिळालं, म्हणून त्याचा खर्च मांडता आला, जबाबदारी ठरवता आली. याच अनुभवातून पुढं आयईईईचं २०६१ हे मानक घडलं. ते २०२४ मध्ये मंजूर झालं.

छोट्या यंत्रांच्या अशा जाळ्यांसाठी आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्येच परवान्याविना खुला झाला. उद्या पाचगणीजवळच्या भिलारमध्ये स्ट्रॉबेरीच्या शेतात ओल मोजायला किंवा घाटातली दरड हेरायला अशी जाळी लागतील, तेव्हा निविदा ग्रामपंचायत किंवा नगरपालिकाच काढेल. त्या निविदेत ‘मेश यंत्रणा बसवणे’ एवढंच लिहिलं, तर ठेकेदार काहीही बसवून बिल लावेल. बाहेरच्या जगाशी सांधणारं यंत्र कोणतं, ते बंद पडलं तर दुरुस्ती कुणाकडं, निरोप पुढं सरकवणारी यंत्रं किती आणि नुसती पाठवणारी किती, हे मानकातल्या शब्दांत लिहा. त्या व्याख्या इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. निविदेचा मसुदा मंजूर करण्याआधी त्या एकदा वाचल्या, तर पुढची भांडणं बरीच वाचतील.